गाळावर वसलेला मुलूख

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की खेड्यापाड्यांतील घरांत हंड्यामध्ये तुरटी फिरवतात. तीन-चार वेढे दिले, हंडा रात्रभर झाकून ठेवला, की सकाळी वरचे पाणी नितळ होते आणि तळाशी गाळाचा साका बसतो. तुमच्या आजीला यात काही नवल वाटत नाही. पण जरा विचार करा. तुरटी न फिरवता तोच हंडा ठेवला, तर सकाळीही पाणी गढूळच असते. मातीचे कण पाण्यापेक्षा जड, तरी ते खाली बसत नाहीत. आणि तुरटीचा स्पर्श होताच बसतात! असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण थोडे लांब जाणार आहोत. आंध्र प्रदेशात गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथे निसर्गाने हाच प्रयोग सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरांवर मांडून ठेवला आहे. फक्त तुरटीऐवजी त्याने मीठ वापरले आहे. त्या प्रयोगातून जी जमीन तयार झाली, तिच्यावर आज लाखो माणसे राहतात, भात पिकवतात, नारळ उतरवतात, मिठाया करतात आणि लेस विणतात. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही तिला 'त्रिभुज प्रदेश' म्हणून ओळखता.

एका ऑक्टोबरात आमच्या महाविद्यालयातील अकरा विद्यार्थ्यांना घेऊन मी तो मुलूख एका दिवसात पाहून आलो. मुंबई-पुण्याहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस राजमहेंद्रीवरून जाते. सरकारदरबारी २०१५ पासून या शहराचे नाव राजमहेंद्रवरम आहे; लोक दोन्ही नावे वापरतात. आमच्यात सोलापूरची एक मुलगी होती. सोलापुरातील अनेक विणकर कुटुंबांप्रमाणे तिच्या घरी तेलुगू बोलतात. ती नसती तर हा लेख निम्माच झाला असता.

सकाळी सहाला आम्ही घाटावर होतो. समोर दोन-अडीच किलोमीटर रुंदीचे पाणी. नाशिकला रामकुंडावर पाहिलेली गोदावरी ती हीच, यावर मुलांचा विश्वास बसेना. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या या नदीचे जवळजवळ निम्मे खोरे महाराष्ट्रात आहे. प्राणहितेमार्फत वर्धा आणि वैनगंगा यांचे पाणीही तिलाच मिळते. म्हणजे नागपूर, वर्धा, परभणी, नांदेड, बीड, नाशिक अशा कितीतरी जिल्ह्यांतील शेतांवरून वाहून गेलेली माती याच घाटासमोरून पुढे सरकते. पाण्याचा रंग फिका तपकिरी होता. मी एक लिटरची बाटली भरून घेतली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: 'राजमहेंद्री, सकाळ'. ही बाटली लक्षात ठेवा.

सतरा सेंटीमीटरांचा उतार

राजमहेंद्री समुद्रसपाटीपासून जेमतेम १४ मीटर उंचीवर आहे आणि तिथून समुद्र सुमारे ८० किलोमीटर दूर. भागाकार करा. दर किलोमीटरला साडेसतरा सेंटीमीटर उतार! क्रिकेटच्या स्टंपच्या चौथ्या हिश्श्याएवढा. इतक्या सपाट जमिनीवर नदीचा वेग मंदावणारच. आणि वेग मंदावला, की तिच्या अंगावरचे ओझे खाली उतरू लागते.

नदी कणांना कशी वाहून नेते? वाहत्या पाण्यात भोवरे असतात आणि त्यांतील वर जाणारे झोत कणांना उचलून धरतात. कण मात्र सतत खाली पडण्याच्या खटपटीत असतो. शांत पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली जाईल, याचा नियम सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिला. कणाचे वजन त्याला खाली ओढते. पाण्याचे उत्प्लावक बल आणि श्यानतेमुळे होणारा विरोध त्याला अडवतात. हिशेब केल्यावर असे दिसते, की वेग हा कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला, तर वेग शंभरपट कमी होतो.

आता ही आकडेमोड पाहा. ०.२ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सेकंदाला दोनएक सेंटीमीटर खाली जातो. (इतक्या मोठ्या कणाला स्टोक्सचा नियम नीट लागू पडत नाही, हे मोजमापाने मिळालेले मूल्य आहे.) पाच मीटर खोल पाण्यात तो चार मिनिटांत तळ गाठील. ०.०२ मिलिमीटरचा पोयट्याचा कण तेवढ्याच खोलीला सुमारे चार तास घेईल. आणि ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? सोळा दिवस! तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. नदी कुठली सोळा दिवस निश्चल राहायला!

यावरून तुम्ही म्हणाल, की वाळू त्रिभुज प्रदेशात पडेल, पोयटाही थोडा पडेल. पण चिकणमाती सरळ खोल समुद्रात निघून जाईल. तर्क बरोबर आहे. पण मग आम्ही दिवसभर ज्या जमिनीवरून फिरलो, तिच्यात इतकी चिकणमाती आली कुठून? हे कोडे संध्याकाळपर्यंत तसेच राहू द्या.

राजमहेंद्रीपासून सात-आठ किलोमीटरवर धवलेश्वरम. इथे नदीवर पहिला बंधारा १८४७ ते १८५२ या काळात आर्थर कॉटन या लष्करी अभियंत्याने बांधला. त्याआधीची काही वर्षे या मुलखाने दुष्काळ आणि पूर या दोहोंचे तडाखे खाल्ले होते. नदीपात्रात खडक नाही, नुसती वाळू. तिच्यावर दगडी भिंत उभी कशी राहणार? कॉटनने हा धडा कावेरीवरच्या चोळकालीन कल्लणै बंधाऱ्यापासून घेतला होता. जुन्या तमिळ बांधकाम्यांनी वाळूवरच दगड रचून हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केले होते. साहेबाने ते नीट पाहिले आणि मोकळेपणाने मानले. आज दिसतो तो नवा बंधारा १९८२ मध्ये पूर्ण झाला. त्याला १७५ दरवाजे आहेत. १९८६ च्या ऑगस्टमध्ये इथून सेकंदाला सुमारे ३५ लाख घनफूट, म्हणजे जवळजवळ एक लाख घनमीटर पाणी गेले. मोठ्या शाळेच्या मैदानावर दहा मीटर पाणी उभे करा आणि ते एका सेकंदात वाहून जाऊ द्या, साधारण तेवढे.

बंधाऱ्याखाली नदीचे दोन मोठे फाटे होतात. पूर्वेचा गौतमी, पश्चिमेचा वसिष्ठा. पुढे वसिष्ठेतून वैनतेया निघते. गौतमी, वसिष्ठा आणि समुद्र यांच्या मधल्या पाचरीला कोनसीमा म्हणतात. आमची गाडी बंधाऱ्यावरून तिच्या टोकाशी, बोब्बरलंकेला उतरली. या भागातील गावांच्या नावांत 'लंका' पुन्हा पुन्हा भेटते. तेलुगूत नदीतल्या बेटाला लंका म्हणतात. गाळ साचून बेट झाले, बेटावर गवत आले, गवतामागून माणूस आला, आणि त्याने नाव ठेवले. नकाशावरची नावेसुद्धा भूविज्ञान सांगतात ती अशी.

पालथे मडके आणि पाच हजार वॅट

नऊच्या सुमारास आम्ही आत्रेयपुरमला पोहोचलो. हे गाव एका मिठाईसाठी प्रसिद्ध आहे. तिचे नाव पूतरेकुलु. पूत म्हणजे लेप आणि रेकु म्हणजे पातळ पापुद्रा. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका घराच्या पडवीत एक बाई चुलीपुढे बसल्या होत्या. चूल कसली, एक मोठे मडके आडवे-पालथे घातलेले, त्याचा तळ वर, आणि बाजूच्या तोंडातून आत नारळाच्या वाळक्या झावळ्यांचा जाळ. शेजारी दळलेल्या तांदळाचे, ताकाहून पातळ पीठ. बाईंनी पांढरे फडके त्या पिठात बुडवले, दोन्ही हातांनी ताणून धरले आणि मडक्याच्या पाठीवरून एकदा अलगद ओढून घेतले. चर्रर्र असा आवाज झाला. दोन-तीन सेकंद. मग कडेला नख लावून त्यांनी कागदाहून पातळ, पलीकडचे दिसेल असा पांढरा पापुद्रा उचलून ठेवला आणि फडके पुन्हा पिठात बुडवले. अशा पापुद्र्यांवर तूप आणि पिठीसाखर किंवा गूळ घालून त्यांची घडी करतात. तोंडात टाकली की घडी विरघळते. चवीबद्दल जास्त लिहिले तर संपादक कात्री चालवतील.

आमच्यातील जळगावचा मुलगा ओरडला, "सर, हे तर आमचे खापर!" खरेच आहे. खानदेशात मांडे पालथ्या खापरावरच भाजतात. गोदावरीच्या मुखाशी आणि तापीच्या काठी, दोन्हीकडच्या बायकांना कुंभाराच्या मडक्याचा एकच गुण सापडला आहे. तो गुण कोणता?

हिशेब करू. समजा, पिठाचा लेप दशांश मिलिमीटर जाड आहे आणि तो ६०० चौरस सेंटीमीटर भागावर लागला. म्हणजे सहा घन सेंटीमीटर; त्यातले पीठ सोडून देऊ आणि सहा ग्रॅम पाणी धरू. हे पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे १,८०० ज्यूल लागतील. त्याची वाफ करण्यास आणखी साडेतेरा हजार. पाण्याचा अप्रकट उष्मा किती मोठा असतो ते इथे दिसते. एकूण पंधरा हजार ज्यूल, आणि तेही तीन सेकंदांत. म्हणजे पाच हजार वॅट! आपल्या गॅसच्या मोठ्या शेगडीची पूर्ण ज्योतही याच्या निम्म्याच्या आसपास असते. झावळ्यांच्या जाळातून त्या तीन सेकंदांत एवढी उष्णता आरपार येणे शक्य नाही. ती आधीच मडक्याच्या जाड भिंतीत साठलेली असते. लेप लागला की भिंत ती देऊन टाकते आणि पुढचा लेप येईपर्यंत जाळ तिची भरपाई करतो. फडके पिठात बुडवणे, निथळणे, ताणणे यांत जो वेळ जातो, तो वाया जात नाही. तो मडक्याच्या भरपाईचा वेळ आहे. पातळ पत्र्याच्या तव्यावर हे जमणार नाही. पहिला पापुद्रा निघेल, दुसरा चिकटेल.

सोलापूरच्या मुलीने बाईंना विचारले, "अम्मा, मडके पुरेसे तापले हे कसे कळते?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, की आवाजावरून. थंड मडके कुजबुजते, फार तापलेले ओरडते आणि बरोबर तापलेले चर्रर्र म्हणते. माझ्याजवळ तापमापक होता. तो मी पिशवीतून काढलाच नाही.

किनाऱ्यांच्या जुन्या खुणा

रावुलपालेम मागे पडले. रस्ता कालव्याच्या कडेने जातो. दोन्ही बाजूंना नारळ, केळी आणि पोटरीला आलेला भात. धवलेश्वरमच्या कालव्यांवर एकूण सुमारे दहा लाख एकर जमीन भिजते. अंबाजीपेटला, म्हणजे नारळाच्या मोठ्या बाजारात, आम्ही फणसाच्या पानांच्या द्रोणांत वाफवलेली इडली खाल्ली. तिला इथे पोट्टिक्कलु म्हणतात. पानांचा वास पिठात उतरतो. कारवार-मंगळूरकडची माणसे हे पाहून खोट्ट्यांची आठवण काढतील.

बाजारामागे नारळाच्या सोडणांचे डोंगर आणि काथ्या वळणारी माणसे. काथ्याचा एक तंतू जेमतेम वीतभर. त्याची शंभर मीटर दोरी होते आणि ओढली तरी तुटत नाही. गोंद नाही, गाठ नाही. पीळ दिल्यामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. दोरी जितकी जोराने ओढावी, तितका हा दाब वाढतो. घर्षणाच्या धड्यात हे उदाहरण का नसते, कोण जाणे.

पुढे राजोलूच्या वाटेवर मी मुलांना एक खेळ दिला. गाडी किंचित चढावर आली की हात वर करायचा. सपाट भातखाचरांतून जाताना मधूनच रस्ता मीटर-दीड मीटर उंच होई, तिथे वाळू दिसे, नारळी दाट होत आणि बहुधा तिथेच गाव असे. मग पुन्हा उतार, पुन्हा खाचरे. हे लांबट वाळूचे बांध किनाऱ्याला साधारण समांतर पसरलेले आहेत. प्रत्येक बांध म्हणजे एके काळचा समुद्रकिनारा! लाटांनी वाळूचा बांध रचला, नदीने त्याच्याही पुढे गाळ टाकला, किनारा पुढे सरकला, लाटांनी तिथे नवा बांध रचला. झाडाच्या खोडातील वलयांसारखी ही जमिनीच्या वाढीची नोंद. गेल्या सहाएक हजार वर्षांत या नदीने समुद्राला असे किलोमीटरच्या किलोमीटर मागे हटवले आहे. आणि गावकऱ्यांनी घरे बांधायला नेमके उंच बांध निवडले, शेतीला सखल जागा. कोणी भूविज्ञान शिकवले नव्हते, पुराने शिकवले.

समुद्र जवळ आला तशी भातखाचरे कमी झाली आणि कोळंबीची तळी सुरू झाली. तळ्यांत चक्रे फिरत होती. पाण्याचे तुषार उडवून ती हवा आणि पाणी यांचा संपर्क वाढवतात, म्हणजे कोळंबीला प्राणवायू मिळतो. ज्या विहिरींत खारे पाणी शिरले, तिथे भाताने माघार घेतली आणि कोळंबी आली, असे एका शेतकऱ्याने सांगितले. पैसा अधिक आहे. पण शेजारच्याच्या तळ्यातील खारट पाणी आपल्या खाचरात झिरपते, ही भांडणेही आहेत.

मिठाची करामत

दुपारी तीनला आम्ही अंतर्वेदीला पोहोचलो. वसिष्ठा इथे बंगालच्या उपसागराला मिळते. नरसिंहाचे मोठे देऊळ, दीपगृह आणि त्यापलीकडे मुख. तिथे आता आपले कोडे सुटते.

चिकणमातीचा कण म्हणजे एक अतिसूक्ष्म पापुद्रा. त्याच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. गोड्या पाण्यात असे दोन कण जवळ आले, की त्यांच्यातील प्रतिकर्षण त्यांना दूर ढकलते. म्हणून ते एकेकटेच भटकतात आणि एकेकट्या कणाला पाच मीटर उतरायला सोळा दिवस लागतात, हे आपण पाहिले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे धन आयन कणाभोवती दाटीने गोळा होतात आणि त्याचा ऋण प्रभार झाकून टाकतात. प्रतिकर्षण उरते ते अगदी जवळच्या अंतरापुरते. मग दोन कण आपटले की चिकटतात, त्यांना तिसरा चिकटतो, आणि पुंजका तयार होतो. पुंजका मोठा, म्हणून त्याचा वेग जास्त. सोळा दिवसांचे काम काही तासांवर येते. जी माती समुद्रात हरवणार होती, ती मुखाशीच बसते. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन प्रभार असतात, म्हणून ती चिमूटभरही पुरते. मीठ मात्र मुठीने लागते. समुद्राजवळ मीठ मुठीने आहेच.

हे घरी करून पाहा. शेतातील काळी माती चमचाभर घ्या, पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळा, पाच मिनिटे थांबून वरचे गढूळ पाणी दोन सारख्या ग्लासांत ओता. एकात चमचाभर मीठ विरघळवा. दर अर्ध्या तासाने दोन्ही ग्लासांमागे छापील कागद धरून अक्षरे वाचता येतात का, ते लिहून ठेवा. विहिरीचे जड पाणी घेऊ नका. त्यातील कॅल्शियम आधीच मिठाचे काम करून बसते आणि दोन्ही ग्लास नितळ होतात. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी हेच घडले आणि मुले माझ्याकडे पाहून हसली.

पण अंतर्वेदीच्या किनाऱ्यावर आम्हांला आणखी एक गोष्ट दिसली. सुरूच्या झाडांची मुळे उघडी पडली होती. काही झाडे वाळूत आडवी झाली होती. पुढे सरकणारा किनारा असा दिसत नाही.

आंध्र विद्यापीठातील बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी १९७६ आणि २००१ या वर्षांची उपग्रहचित्रे ताडून पाहिली. २००४ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार या पंचवीस वर्षांत गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाने भर वजा जाता १,८३६ हेक्टर जमीन गमावली. हजारो वर्षे वाढणारा मुलूख आक्रसू लागला! कारणही त्यांनी मांडले. धवलेश्वरमपाशी नदीतून येणारा तरंगता गाळ १९७१ ते १९७९ या काळात वर्षाला सरासरी १५ कोटी टन होता. १९९० ते १९९८ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांवर आला.

पंधरा कोटी टन म्हणजे किती? एक घनमीटर गाळ दीड टनाचा धरला, तर दहा कोटी घनमीटर. तो साऱ्या त्रिभुज प्रदेशावर सारखा पसरला, तर दर वर्षी दोन सेंटीमीटरचा थर. पावणेसहा कोटींचा थर पाऊण सेंटीमीटर. प्रत्यक्षात गाळ असा सारखा पसरत नाही आणि बराचसा समुद्रात जातो. पण अंदाजासाठी हे पुरे. आता दुसरी बाजू. ओला गाळ स्वतःच्या वजनाने दबत जातो, त्यातले पाणी पिळून निघते आणि जमीन हळूहळू खचते. समुद्राची पातळीही वाढते आहे. म्हणजे त्रिभुज प्रदेशाला नुसते टिकून राहायलासुद्धा दर वर्षी नवी माती लागते. रोजच्या जेवणासारखे आहे ते.

मग उरलेला गाळ गेला कुठे? धरणांत. पैठणच्या जायकवाडी धरणाचे १९७६ मध्ये उद्घाटन झाले. तेलंगणातील श्रीरामसागराची मूळची ११२ टीएमसी क्षमता १९९४ च्या मोजणीत ९० टीएमसीच्या आसपास भरली. मधली जागा गाळाने घेतली. जलाशयात पाणी थबकते आणि स्टोक्सचा नियम तिथेच आपले काम उरकतो. धवलेश्वरमचा बंधारा त्या मानाने ठेंगणा आहे. पुरात त्याचे दरवाजे उघडतात आणि गाळ पुढे निघून जातो.

धरणे नकोत, असे म्हणणे सोपे आहे. मराठवाड्यात दुष्काळात टँकरमागे धावलेल्या माणसाला ते सांगून पाहा! जायकवाडी नसते तर छत्रपती संभाजीनगरने प्यायचे काय? पण आपण अडवतो ते नुसते पाणी नसते, हे अभियांत्रिकीच्या हिशेबात फार उशिरा आले, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तलावातील गाळ काढून तो शेतांत पसरतात. तलावाची जागा मोकळी होते, शेताला माती मिळते. कोनसीमेला मात्र त्यातून काही मिळत नाही.

नरसापूरची लेस

सखिनेटिपल्लीहून तरीने वसिष्ठा ओलांडली. दोन होड्यांवर फळ्या ठोकून केलेल्या या तरीवर माणसे, मोटारसायकली, केळ्यांचे घड आणि एक टेम्पो असे सगळे एकत्र होते. पलीकडे नरसापूर.

नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला इथल्या बायकांना शिकवली आणि पुढे ती आजूबाजूच्या गावांत पसरली. एका ओसरीवर आजी, सून आणि नात अशा तिघी विणत होत्या. एका मिनिटात किती टाके पडतात, हे मोजण्याची कामगिरी मी एका मुलावर सोपवली. तीनदा तोच चुकला, सुई चुकली नाही. साऱ्या विणीत धागा एकच असतो. एका फासातून दुसरा फास ओढत नक्षी पुढे जाते आणि शेवटचा फास बांधला नाही, तर टोक ओढताच सगळे उसवते.

समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांवर एक पुस्तक लिहिले. ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही लेस परदेशी जात होती, व्यापारी त्यावर पैसा करत होते; पण विणणाऱ्या बाईला मिळणारी मजुरी अत्यंत तुटपुंजी होती, कारण ती 'घरी बसून फावल्या वेळात' विणते, असे सगळे धरून चालत. आजीबाईंना सोलापूरच्या मुलीने मजुरीबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "दोऱ्याच्या रिळावर मिळते, बाळ. वेळेवर कोण देणार?" ही मुलगी विणकराच्या घरातली. तिने ते वाक्य आम्हांला लगेच सांगितले नाही. थोड्या वेळाने सांगितले.

मग आजीबाईंनीच तिला विचारले, आम्ही कुठून आलो. तिने सांगितले, गोदावरी जिथून निघते त्या राज्यातून. आजींनी सुई थांबवली. "वरून पाणी उशिरा येते आणि आले की एकदम येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक तिथे काय करता?" उत्तर देण्याची पाळी माझी होती. मी जायकवाडीचे सांगितले, उसाचे सांगितले, टँकरचे सांगितले. मुलगी भाषांतर करत होती. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा विणायला लागल्या.

मुक्काम नरसापूरला केला. रात्री मी सकाळची बाटली काढली. दिवसभर गाडीत हिंदकळल्यामुळे ती अजून गढूळच होती. तिच्यातले अर्धे पाणी दुसऱ्या बाटलीत ओतले, तिच्यात दुकानातून आणलेले मीठ दोन मोठे चमचे घालून हलवले आणि दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. सकाळी मिठाची बाटली नितळ झाली होती आणि तळाशी कापसासारखा भुसभुशीत थर होता. दुसरी तशीच.

नरसापूरहून एक गाडी थेट नाशिक जिल्ह्यातल्या नगरसोलला येते; शिर्डीच्या यात्रेकरूंची सोय म्हणून. आम्ही तिनेच परतलो. परभणी जवळ येत होती. बाहेर रब्बीसाठी तयार केलेली काळी राने पसरली होती. सोलापूरची मुलगी मिठाची बाटली हातात घेऊन खिडकीशी बसली होती. गाडी थांबली की ती बाटली काचेला लावायची आणि तळाचा थर बाहेरच्या मातीशी ताडून पाहायची.